निरंकाचा रकाना

बंगळूर मागे टाकून बल्लारीच्या सडकेने उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटर गेले म्हणजे देवनहळ्ळी लागते. २००८ साली या तालुक्यात विमानतळ झाल्यापासून आपल्यापैकी पुष्कळांची या गावाशी ओळख सुटीच्या तिकिटापुरतीच उरली आहे. गाव मात्र विमानतळाहून पुष्कळ जुने आणि रसाळ आहे. येथील चकोत्यांची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे विशेषण अक्षरशः पटेल. १५०१ साली मल्ल भैरेगौडाने येथे मातीचा कोट घातला. १७४९ साली म्हैसूरच्या फौजेने तो घेतला, त्या वेढ्यात हैदर नावाचा एक शिलेदार प्रथम नावारूपास आला, आणि पुढे त्याच्या अमदानीत कोट दगडाचा झाला. कोटाजवळच एका लहानशा दगडी आवारात एक शिलालेख आहे. टिपू सुलतान या जागी जन्मला, एवढेच तो सांगतो.

लढाया झाल्या, वेढे पडले, राज्ये गेली. पण गावाने दगडावर कोरून ठेवला तो एक जन्म. तोही साधा नव्हे, नवसाचा. अर्काटच्या टिपू मस्तान अवलियाच्या दर्ग्यात हैदर आणि फक्रुन्निसा यांनी पुत्रासाठी प्रार्थना केली, मुलगा झाला, आणि अवलियाचेच नाव त्याला ठेवले, अशी कथा आहे. आमच्याकडे दत्ताच्या कृपेने झालेला तो दत्तात्रय, खंडोबाच्या कृपेने झालेला तो खंडेराव. तसाच हा टिपू.

अशा गावी उभे राहून, ज्यांनी पाळणा बांधायचाच नाही असे ठरवले त्यांच्याविषयी लिहावे, हे थोडे औचित्य सोडून होईल. परंतु याच मुलखाच्या इतिहासात त्या विषयाची इतकी मौज भरलेली आहे की ती वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मूल न होणे हे एक आणि मूल न होऊ देणे हे दुसरे. पहिल्याला हसणे म्हणजे दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे होय, आणि आपल्या समाजाने ते बोट पिढ्यान्‌पिढ्या ठेवले आहे. वांझ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या भाषेने त्याबद्दल फारशी फुशारकी मारू नये. दुसऱ्याची गोष्ट निराळी. तेथे हसण्याचा पहिला मान त्या जोडप्याचाच. बाकीच्यांनी मागून हसावे.

परमुलखात नोकरी करणाऱ्यास या प्रश्नाचा अनुभव दर बदलीबरोबर नव्याने येतो. गावच्या नातेवाइकांची विचारपूस एकदा होऊन संपते, नव्या कचेरीची कधीच संपत नाही. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मूळ गाव, दुसऱ्यात मूळ पगार आणि तिसऱ्यात मुलेबाळे, हा क्रम ठरलेला. आपला मराठी माणूस निदान आडून विचारतो: गोड बातमी केव्हा, पेढे की बर्फी, पाळणा कधी हलणार. कानडी शेजारी सरळच ‘मक्कळु एष्टु?’ म्हणतो, म्हणजे मुले किती? आहेत की नाहीत हा प्रश्नच त्यात नाही, फक्त संख्या सांगायची. गणित शिकलेल्या माणसाने शून्य हीही संख्याच आहे असे उत्तर दिले तर शेजाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आता या मुलखाचा इतिहास पाहा. १६१० साली राजा वोडेयर याने श्रीरंगपट्टण घेतले. तेथल्या विजयनगरच्या सुभेदाराची पत्नी अलमेलम्मा हिने दागिने राजाच्या हाती लागू नयेत म्हणून कावेरीत उडी घेतली आणि घेताना शाप दिला: तलकाड वाळूत बुडो, मालंगीला भोवरा होवो, आणि म्हैसूरच्या राजांना संतती न होवो. तलकाडची देवळे वाळूत बुडाली आहेत हे कोणीही जाऊन पाहू शकतो. शाप खरा मानावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. म्हैसूरची माणसे मात्र बोटे मोडून राजवंशातील दत्तकांची गणती करून दाखवतात.

गंमत अशी की पुत्रवंत कोण आणि निपुत्रिक कोण याचा निकाल इतिहासाने उलटाच लावला. १७९१ साली देवनहळ्ळीचा कोट कॉर्नवॉलिसच्या हाती गेला. पुढल्याच वर्षी श्रीरंगपट्टणाच्या तहात टिपूला आपले दोन मुलगे इंग्रजांकडे ओलीस द्यावे लागले. पेशव्यांच्या वतीने हरिपंत फडके त्या मोहिमेत हजर होते. घरात पुत्र पुष्कळ होते म्हणूनच ते तारण ठेवण्यास उपयोगी पडले. १७९९ साली टिपू पडला, तेव्हा एवढ्या मुलांपैकी एकालाही गादी मिळाली नाही. सर्वांची रवानगी वेल्लोरला आणि १८०६ च्या बंडानंतर कलकत्त्याला झाली. गादीवर बसला तो शापित घराण्यातला पाच वर्षांचा मुलगा, तिसरा कृष्णराज. त्यानेही शेवटी १८६५ साली दत्तकच घेतला, आणि इंग्रजांनी पुष्कळ घासाघीस करून तो मान्य केला. आमच्या सातारकरांचे नशीब एवढे बरे नव्हते. १८४८ साली शहाजी महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. त्या काळी पाळणा रिकामा राहणे ही घरगुती बाब नव्हती, राजकारणातली तूट होती. हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या आजी-पणजींच्या ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ या आशीर्वादामागची धास्ती समजते. आठांतले किती जगतील याचा हिशेब आशीर्वाद देणारीस पक्का ठाऊक असे.

या सर्वांवर कळस चढला तो १९३० साली. म्हैसूरच्या गादीवर चौथे कृष्णराज वोडेयर होते आणि दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. त्या सरकारने आपल्या बंगळूर व म्हैसूर येथील सरकारी इस्पितळांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. जगात कोणत्याही सरकारने चालविलेली ही पहिलीच केंद्रे मानली जातात. आता हे महाराज स्वतः निपुत्रिक. १९४० साली त्यांच्या मागून पुतण्या गादीवर आला. ज्या गादीला निःसंतानपणाचा शाप, त्याच गादीच्या सरकारने प्रजेला संतती रोखण्याची सोय मोफत करून द्यावी! अलमेलम्मेने हे ऐकले असते तर शाप देण्याऐवजी तिने नुसता अर्ज केला असता.

म्हैसूरने जे हुकुमाने केले ते मुंबईत एका गणिताच्या प्राध्यापकाने पदरच्या पैशाने नऊ वर्षे आधीच सुरू केले होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव वाचकांस नवीन नाही; परंतु पुष्कळांस ते महर्षींचे चिरंजीव म्हणून, किंवा ‘ध्यासपर्व’ चित्रपटामुळे माहीत असते. १८८२ साली मुरूडला त्यांचा जन्म झाला. १८९१ साली ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारली. तिचे वय सत्तावीस होते. रघुनाथरावांच्या पुढच्या सर्व लेखनात भावनेचा शब्द विरळा, उमाळा तर नाहीच. तरीही त्यांचे अंक चाळताना हे सत्तावीस वर्षांचे वय आमच्या मनातून जात नाही.

विल्सन कॉलेजातील नोकरी त्यांना या मतांपायी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे पहिले केंद्रही त्याच सालचे. १९२३ साली ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र, आत शास्त्र, वाचकांच्या प्रश्नांना नावनिशी गाळून दिलेली रोखठोक उत्तरे, आणि ‘शारदेची पत्रे’ या सदरात त्या महिन्यातील थोरामोठ्यांच्या वक्तव्यांचा मिस्कील समाचार. सनातन्यांनी मासिक अश्लील ठरवले. आमच्या मते त्यांना खरी बोच होती ती अश्लीलतेची नसून या मिस्कीलपणाची. नग्न चित्राकडे पाठ फिरवता येते. आपलेच वाक्य कोणी शांतपणे पुढे वाचू लागला तर कान कोठे फिरवावे?

कर्व्यांचा विनोद गणित्याचा होता. प्रतिपक्षाचे विधान ते जसेच्या तसे मान्य करीत आणि मग एकेक पायरी पुढे नेत, ते निरर्थक होईपर्यंत. त्यांच्या रीतीने आम्हीच एक उदाहरण करून पाहतो. संतती ही देवाची इच्छा, ती अडवणे पाप, असे म्हणणाऱ्या गृहस्थाने देवी टोचून घेणेही सोडून द्यावे. कारण तेथे तर साक्षात् देवीच यावयास निघालेली असते. यात कोटी आहे, पण कोटीच्या खाली तर्काचा दगड पक्का आहे.

रघुनाथराव आणि मालतीबाई यांनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले. लोकांची मोठीच पंचाईत झाली. त्यांना दहा मुले असती तर साधने कुचकामी आहेत असे म्हणता आले असते. एकच असते तर ते चुकून झाले असे म्हणता आले असते. एकही नाही, तेव्हा उरले एकच वाक्य: ज्याला मूल नाही त्याला मुलांची माया काय कळणार? याच न्यायाने महारोग्यांची सेवा करणाऱ्याने आधी महारोग लावून घ्यावयास हवा. रघुनाथरावांवर असल्या शेऱ्यांचा परिणाम होत नसे. पण आपल्याकडे पाळण्याचा प्रश्न पुरुषास सहसा कोणी विचारीत नाही. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला जावे लागते ते बाईला. ओटी भरताना शेजारणीची नजर चुकते ती तिची. नवऱ्याच्या हाती निदान मासिक होते. नोकरी गेलेली, मासिक तोट्यात, वर खटले. अशा संसारात मालतीबाई १९४४ साली वारल्या तोवर त्या निर्णयाच्या निम्म्या भागीदार होत्या, आणि कीर्तीचा हिस्सा मात्र निम्मा आला नाही. ‘समाजस्वास्थ्य’च्या हशामागे हा न हसलेला भाग आहे.

खटल्यांविषयी थोडक्यात सांगतो. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल दंड झाला. १९३४ साली वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा फिर्याद झाली. त्या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. वाचक लैंगिक प्रश्न विचारतो आणि जाणकार उत्तर देतो, यात अश्लील ते काय, असा बचावाचा रोख होता. तोही खटला हरला आणि दंड भरावा लागला. परंतु आंबेडकरांनी विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, आणि तो फेटाळला गेला. आठ वर्षांपूर्वी बंगळुरास जे एका हुकुमात झाले ते मुंबईस चर्चेअंती नामंजूर झाले. प्रागतिक इलाखा आणि मागासलेले संस्थान या आपल्या शाळेतल्या वर्गवारीचे अशा वेळी काय करावे हे सुचत नाही.

१९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव वारले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिक बंद पडले. वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. त्यांनी १९५८ साली भारतरत्न स्वीकारले आणि ते १९६२ पर्यंत जगले.

पुढे लाल त्रिकोण आला, भिंतीभिंतींवर हसरी चौकोनी कुटुंबे आली. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. सर्वांचे दात पांढरे. त्या चित्रात कर्वे दांपत्याला जागा नव्हती. दोन पुरेत असे सांगणाऱ्या सरकारला शून्य पुरे म्हणणारा माणूस भेटला की तो थोडा आगाऊ वाटतो. सेवापुस्तकाला जोडलेला कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना वाचकांनी भरलेलाच आहे. त्यातील अपत्यांच्या रकान्यात अशा माणसाने ‘निरंक’ लिहिले की कारकून हमखास विचारतो, ‘साहेब, माहिती द्यायची राहिली का?’

१९७९ साली केंद्र सरकारने शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी विशेष वेतनवाढ सुरू केली. कुटुंब लहान ठेवल्याबद्दलचे हे बक्षीस. पण ते मिळण्यासाठी आधी मुले झालेली असणे आवश्यक होते. ज्याने कुटुंब सर्वांत लहान ठेवले त्याचा अर्ज या अटीवरच अडला असता. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, हा भत्ता बंद झाला. संघटनांनी निवेदने दिली, टिपणे फिरली. निरंकवाल्यांकडून मात्र तक्रारीचा एकही कागद आल्याचे ऐकिवात नाही.