पितील्यानोची पांढरी वाइन: चव आणि जोडीचे पदार्थ

इटलीत तोस्काना प्रांताच्या दक्षिण टोकाला पितील्यानो नावाचं लहान गाव आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडाला तिथे तूफो म्हणतात. त्याच दगडाच्या उंच कड्यावर हे गाव वसलं आहे. इथल्या पांढऱ्या वाइनचं नाव बियांको दि पितील्यानो. १९६६ साली तिला ‘डीओसी’ दर्जा मिळाला. म्हणजे हे नाव लावायचं तर ठरलेल्या हद्दीतली, ठरलेल्या जातींची द्राक्षंच वापरावी लागतात.

गावाची ओळख

पितील्यानोला ‘छोटं यरुशलेम’ म्हणतात. सोळाव्या शतकात पोपच्या राज्यात यहुद्यांचा छळ वाढला, तेव्हा पुष्कळ कुटुंबं हद्दीपलीकडे या गावात आली. १५९८ साली इथे सिनॅगॉग उभं राहिलं. दगडात कोरलेली कोशेर वाइनची कोठी आणि मात्साची भट्टी आजही पाहायला मिळते. यहुदी वस्ती आता जवळजवळ उरलेली नाही, पण गावात कोशेर वाइन अजून तयार होते. प्रत्येक बाटली मात्र कोशेर नसते. शिक्का बघूनच घ्यावी.

चव

मुख्य द्राक्ष त्रेब्बियानो. त्यात माल्वाझिया, ग्रेको अशा इतर जाती मिसळतात. रंग फिकट, गवतासारखा पिवळा. वास मंद: हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पांढरी फुलं. वाइन गोड नसते. आंबटपणा ताजा असतो आणि शेवटी जिभेवर बदामासारखा थोडा कडवटपणा राहतो. ही वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊन संपवावी. आठ ते दहा अंश सेल्सियसला द्यावी. बर्फासारखी गार केली तर वासच लागत नाही.

कशाबरोबर?

वाइन हलकी आहे, म्हणून जोडीचा पदार्थही हलकाच हवा.

मासे: जवळच्या ओर्बेतेल्लोच्या खाडीत मिळणारी बोय या वाइनबरोबर चांगली लागते. इस्राएलच्या बाजारात बोयला बुरी म्हणतात. दनीस किंवा लवराक भाजून वर लिंबू पिळला तरी तीच गोष्ट.

भाज्या: आर्टिचोकमुळे बऱ्याच वाइनची चव बिघडते. ही कोरडी आणि आंबटसर असल्याने त्यातल्या त्यात निभावते. कांदा, सेलरी, टोमॅटो आणि शिळा पाव घालून केलेलं तिथलं ‘आक्वाकोत्ता’ सूपही छान जमतं.

तळलेले पदार्थ: आंबटपणामुळे तोंडातला तेलकटपणा निघून जातो. आपल्या तळलेल्या माशांनाही हाच नियम.

नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण: दुधाचा दाटपणा ही वाइन चांगला पेलते, पण मिरची कमी ठेवावी. अल्कोहोलने तिखट जास्त झोंबतं. कोकम किंवा चिंच जास्त झाली तर वाइन पाणचट लागते.

टाळावं: मसालेदार मटण, त्यापुढे ही वाइन हरवून जाते. गोड पदार्थही नकोत. पितील्यानोच्या यहुद्यांचा प्रसिद्ध ‘स्फ्रात्तो’, म्हणजे मध-अक्रोड भरलेली काठीसारखी मिठाई, हिच्याबरोबर खाल्ली तर वाइन नुसती आंबट लागेल. मिठाईला गोड वाइनच हवी. स्फ्रात्तोचा अर्थ ‘घराबाहेर काढणे’. यहुद्यांना घरातून हुसकताना दारावर जी काठी आपटत, तिची ही आठवण.

किद्दुश आणि तब्येत

किद्दुशला तांबड्या वाइनचा मान जास्त, पण पांढरीही चालते. आता एका नर्सचं सांगणं ऐका. पांढरी म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. बारा टक्क्यांच्या वाइनच्या १२५ मिलिलिटर पेल्यात सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल असतं. झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन किंवा मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहात रिकाम्या पोटी घेतली तर साखर एकदम खाली येऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं की नुसती चढली आहे. अशा वेळी आपलं काळ्या मनुकांचं सरबत आहेच. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच किद्दुश म्हटला आहे.