प्रवासात टिकणारा संगणक : थिओडोलाइटपासून लॅपटॉपपर्यंत

इ. स. १८०८. स्थळ तंजावर. विल्यम लॅम्बटन यांच्या सर्वेक्षण पथकाने आपला मोठा थिओडोलाइट दोरखंडाने बांधून मंदिराच्या उंच गोपुरावर चढवायला घेतला. कोन मोजण्याचे हे उपकरण सुमारे अर्धा टन वजनाचे होते आणि त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच होता. दोर तुटला. उपकरण भिंतीवर आदळले आणि ज्या वर्तुळावर अंशाचे सूक्ष्म भाग कोरलेले होते, ते वर्तुळच वाकले. इंग्लंडहून नवे उपकरण यायला वर्षे लागली असती. लॅम्बटन यांनी स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि काही आठवडे खपून ते वर्तुळ पाचर व स्क्रू यांच्या साहाय्याने थोडेथोडे ओढून पुन्हा गोल केले.

हाच थिओडोलाइट पुढे उत्तरेकडे सरकत निजामाच्या राज्यातून, म्हणजे आजच्या परभणीच्या पूर्वेकडील मुलखातून गेला. लॅम्बटन यांचा मृत्यूही प्रवासातच झाला, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. काम मात्र थांबले नाही, कारण उपकरण चालू होते.

प्रवासात न्यायच्या यंत्राबद्दलचे जवळजवळ सर्व प्रश्न या एका घटनेत आहेत. यंत्र वाहून कसे न्यायचे? धक्का बसला तर काय? आणि बिघडले तर ते जिथे आहे तिथेच दुरुस्त होईल का? आज परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी अशा फेऱ्या करणारा शिक्षक किंवा शेतावर निरीक्षणे घेणारा संशोधक पिशवीत लॅपटॉप घेऊन निघतो, तेव्हा त्याच्यापुढे हेच तीन प्रश्न असतात. संगणकाच्या इतिहासात त्यांची उत्तरे कशी सापडत गेली, ते आपण पाहू या.

उचलता येतो, पण...

मांडीवर ठेवता येईल असा संगणक प्रथम कागदावर जन्माला आला, आणि तोही मुलांसाठी. अमेरिकेतील अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ची कल्पना सविस्तर मांडली. वहीएवढा आकार आणि चार पौंडांपेक्षा, म्हणजे दोन किलोंपेक्षा कमी वजन. त्या काळी संगणक खोली व्यापत असे, त्यामुळे हे स्वप्नच होते.

प्रत्यक्षात बाजारात आलेला पहिला गाजलेला ‘प्रवासी’ संगणक म्हणजे १९८१ चा ऑस्बोर्न-१. त्याचे निर्माते अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण दक्षिण भारतात गेले होते आणि त्यांचे निधनही २००३ मध्ये तामिळनाडूतील कोडाईकनाल येथे झाले. शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसणारा हा संगणक सुमारे ११ किलोंचा होता. पडदा अवघा पाच इंचांचा, आणि आत विद्युतघट नव्हताच. जिथे भिंतीत वीज असेल तिथेच तो चालायचा. म्हणजे यंत्र उचलता येत होते, पण प्रवासात वापरता येत नव्हते.

याच्या नेमके उलट उदाहरण १९८३ चे. टीआरएस-८० मॉडेल १०० हा संगणक दीड किलोपेक्षाही हलका होता आणि विजेरीत घालतो तशा चार साध्या सेलवर सुमारे २० तास चालत असे. पडद्यावर फक्त आठ ओळी मावत. स्मृती इतकी तुटपुंजी की आज एक छायाचित्रही तिच्यात बसणार नाही. तरीही गावोगाव फिरणाऱ्या वार्ताहरांनी तो अनेक वर्षे सोडला नाही. कारण सोपे आहे. त्याच्यात हलणारा भाग म्हणजे फक्त कळफलकाच्या कळा. जे हलत नाही ते सहसा तुटत नाही. आणि सेल कोणत्याही दुकानात मिळत.

अवकाशात पंखा कशाला?

१९८२ मध्ये ग्रिड कंपास नावाचा संगणक आला. वहीसारखा मिटणारा आकार, जो आज सर्व लॅपटॉपना आहे, तो बिल मॉग्रिज या आरेखकाने या यंत्राला दिला. पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. मॅग्नेशियमची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्यामुळे वजन कमी ठेवून कणखर पेटी करता येते. शिवाय हा धातू आतील उष्णता बाहेर वाहून नेतो. म्हणजे पेटी हेच संरक्षण आणि पेटी हीच उष्णता बाहेर टाकण्याची सोय. किंमत मात्र ८,००० डॉलरांच्या वर होती, त्यामुळे मुख्य ग्राहक सैन्य आणि अवकाश संस्था हेच.

‘नासा’ने १९८३ मध्ये हा संगणक अवकाशयानात नेला, पण त्याआधी त्याला एक छोटा पंखा बसवावा लागला. विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात जरूर सांगावी अशी ही गोष्ट आहे. पृथ्वीवर गरम हवा हलकी होऊन वर जाते व थंड हवा तिची जागा घेते. याला आपण अभिसरण म्हणतो. परंतु ‘हलकी’ आणि ‘वर’ हे शब्द गुरुत्वामुळे अर्थपूर्ण होतात. यान व त्यातील सर्व वस्तू एकत्रच मुक्त पतनात असल्याने तिथे गरम हवा यंत्राभोवतीच साचून राहते. तिला ढकलायला पंखा लागतो.

परभणीत अडचण वेगळी, परंतु परिणाम तोच. अनेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असे लिहितात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतले तापमान ४० च्या पुढे असते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते, आणि दोहोंतील फरक जितका कमी तितकी सावकाश वाहते. भोवतालची हवाच ४२ अंशांची असेल, तर पंखा कितीही फिरला तरी हवी तेवढी उष्णता बाहेर पडत नाही. त्यातच काळ्या जमिनीची उन्हाळी धूळ अतिशय बारीक असते. पंखा हवेबरोबर ती आत ओढतो आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांवर तिचा थर बसतो. म्हणूनच वीज कमी खाणारा, शक्य तर पंख्याविना चालणारा संगणक आपल्या भागात जास्त टिकतो. वेगाच्या आकड्याकडे पाहून घेतलेला तापट संगणक इथे लवकर थकतो.

धक्क्याचे गणित

१९८० च्या दशकाच्या अखेरीस लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क आली आणि एक नवा नाजूक अवयवही आला. वेगाने फिरणाऱ्या चकतीवर वाचक शीर्ष केसाच्या जाडीपेक्षा किती तरी कमी अंतरावर तरंगत असते. एसटीच्या गचक्याने ते चकतीला टेकले, तर साठवलेली माहिती खरवडून निघते.

आयबीएम कंपनीने २००३ मध्ये आपल्या थिंकपॅड संगणकांत यावर एक उपाय आणला. आत त्वरणमापक बसवला. यंत्र असामान्य हालू वा पडू लागले की त्वरणमापकाला ते कळते आणि शीर्ष चकतीवरून बाजूला घेतले जाते. वेळ किती मिळतो? ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून पडणारी वस्तू सुमारे ०.३९ सेकंदात जमिनीला टेकते. विद्यार्थ्यांनी s = ½gt² हे सूत्र वापरून ताडा करून पाहावा.

पुढचे गणित अधिक उपयोगी आहे. पडलेली वस्तू थांबताना तिला गुरुत्वत्वरणाच्या किती पट मंदन सोसावे लागते, हे पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर इतके सोपे आहे, मंदन एकसारखे आहे असे धरले तर. ७५ सेंटिमीटरवरून फरशीवर पडून १ मिलिमीटरमध्ये थांबली तर ७५० पट. तीच वस्तू स्पंजच्या पिशवीत १ सेंटिमीटर दबत थांबली तर ७५ पट. पाच-सातशे रुपयांची जाड अस्तराची पिशवी धक्का दहा पटींनी कमी करू शकते, ती अशी.

हलणारी चकती शेवटी गेलीच. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची माहिती जगापुढे मांडली आणि २००६ पासून ती लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी येऊ लागली. तिलाच आज एसएसडी म्हणतात. वीस-तेवीस वर्षांनी लॅपटॉप पुन्हा मॉडेल १०० च्या तत्त्वाकडे वळला, ते असे. जुना हार्ड डिस्कचा लॅपटॉप प्रवासात वापरणाऱ्याने आधी ही एक गोष्ट बदलावी.

घटाची गोष्ट

निकेल-कॅडमियमचे जड घट मागे पडले ते लिथियम-आयन घटामुळे. सोनी कंपनीने तो १९९१ मध्ये बाजारात आणला. या घटाच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी वजनात जास्त ऊर्जा हा त्याचा गुण. आणि तोच धोकाही. २००६ मध्ये डेल कंपनीला सोनीचे सेल असलेले सुमारे ४१ लाख घट आगीच्या भीतीने परत मागवावे लागले.

या घटाचा खरा शत्रू उष्णता आहे. तापमान वाढले की आतील नको असलेल्या रासायनिक अभिक्रिया वेगाने होतात आणि घटाची धारणशक्ती कायमची घटते. पूर्ण भारित घट उन्हात ठेवणे सर्वांत वाईट. उन्हाळ्याच्या सुटीत लॅपटॉप पडून राहणार असेल, तर घट निम्मा भरून, घरातील थंड जागी ठेवावा. उन्हात उभ्या मोटारीत तर कधीच सोडू नये.

खैराटची शाळा

खेड्यातील शाळेसाठी म्हणून मुद्दाम घडवलेला लॅपटॉप आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आहे. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही योजना जाहीर केली. तिचा एक्सओ-१ हा संगणक २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत प्रयोगासाठी आला.

त्याची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. वजन दीड किलोच्या आत. पंखा नाही, हार्ड डिस्क नाही. कळफलक रबराच्या सलग पडद्याखाली, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. मेरी लू जेप्सन यांनी तयार केलेला पडदा भर उन्हातही वाचता येई. घट उष्णता जास्त सोसणाऱ्या लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारचा. आणि पेटी साध्या पेचकसाने उघडता यावी, अशी. मुठीत जादा स्क्रूसुद्धा ठेवलेले! लॅम्बटन असते तर त्यांना हे यंत्र आवडले असते.

पण इतिहास इथे थांबत नाही. शंभर डॉलरांचे उद्दिष्ट साधले नाही. सुरुवातीची किंमत १८० डॉलरांच्या पुढे गेली. पेरू देशात हे लॅपटॉप मोठ्या संख्येने वाटले गेले. तिथल्या शाळांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र टिकले म्हणून शिकणे होतेच असे नाही. शिक्षकाची तयारी, त्याच्या भाषेतील साहित्य आणि जवळपास दुरुस्तीची सोय नसेल, तर टिकाऊ यंत्रही कपाटात टिकते.

छापलेले आणि न छापलेले

जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०’ असे लिहिलेले दिसते. हे अमेरिकी सैन्याचे १९६२ पासूनचे चाचणी-मानक आहे. पडणे, कंपन, धूळ, तापमान अशा अनेक चाचण्या त्यात आहेत. मात्र कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते उत्पादक ठरवतो आणि निकालावर शिक्का मारणारी कोणतीही सरकारी यंत्रणा नाही. तेव्हा नुसते नाव पाहू नये, कोणत्या चाचण्या झाल्या ते विचारावे. ‘आयपी’ संकेत त्याहून स्पष्ट आहे. आयपी-६५ मधील पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही.

न छापलेली गोष्ट दुरुस्तीची. आमच्या गटातील एका लॅपटॉपचा घट दोन उन्हाळ्यांत गेला. तो आत चिकटवलेला होता, आणि सेवा केंद्राने संपूर्ण वरची पेटी बदलावी लागेल असे सांगितले. खर्च नव्या यंत्राच्या जवळपास निम्मा. दुसरा एक, दिसायला जाड आणि जुनाट, त्याचा घट बाजारातल्या दुकानदाराने दहा मिनिटांत बदलून दिला. तो अजून शेतावर येतो. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे हा प्रश्न खरेदीदारानेच विचारायचा असतो : घट, एसएसडी आणि कळफलक सुटे मिळतात का? नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला दुरुस्ती होते का, की पुण्याला पाठवावा लागतो?

यंत्र कितीही चांगले असले तरी एक दिवस ते जाणारच, हेही गृहीत धरावे. खरिपाच्या एका हंगामाची निरीक्षणे गेली, तर ती पुन्हा घ्यायला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते, आणि तो पावसाळा तसाच नसतो. विद्यार्थ्यांची वर्षभराची मूल्यमापनेही तशीच. म्हणून दर आठवड्याला एक प्रत वेगळ्या साठवणीत काढून ती लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरी ठेवावी.

शेवटी, वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. कच्चे अंडे एका मीटरवरून टाकायचे आहे, ते फुटता कामा नये. साहित्य : वर्तमानपत्र, कापूस, गवत, पुठ्ठा. प्रत्येक गटाने आधी थांबण्याचे अंतर अंदाजाने मोजावे, उंचीला त्याने भागावे आणि मगच अंडे सोडावे. कोणते वेष्टन सर्वांत हलके असूनही अंडे वाचवते, याची नोंद ठेवावी. प्रवासी संगणक घडवणाऱ्यांनी चाळीस वर्षे सोडवलेला प्रश्न विद्यार्थ्यांना एका तासात हाताळता येईल.