मुक्तिफौजेची पहिली वस्ती

मुक्तिफौज हा शब्द मराठीत इतका जुना झाला आहे की, त्याच्या पाठीमागे लंडनमधील एक दरिद्री मोहल्ला उभा आहे याची आठवण आपणांस सहसा होत नाही. रस्त्यात वाजंत्री लावून प्रार्थना करणारे गणवेशधारी ख्रिस्ती लोक, एवढेच चित्र त्या शब्दाने डोळ्यांपुढे येते. आमच्या मते या चळवळीचे मर्म तिच्या गणवेशात नाही. ते व्हाइटचॅपेलच्या गल्ल्यांत शोधले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पूर्व लंडन म्हणजे साम्राज्याच्या राजधानीचे मागील अंगण. जगाचा माल ज्या गोद्यांत उतरे, त्यांच्या दारांशी हमाल रोज पहाटे गर्दी करीत. ज्यांची निवड होई त्यांना त्या दिवसापुरते, कधी काही तासांपुरतेच, काम मिळे. बाकीचे परत फिरत. घरोघरी बायका-मुले आगपेट्यांची खोकी चिकटवीत बसत. रविवारचा चांगला पोशाख सोमवारी गहाण पडे आणि शनिवारी मजुरी हाती आली की सुटे. १८६६ च्या पटकीने या भागात पाच हजारांहून अधिक माणसे नेली.

विल्यम बूथ येथे आला तो १८६५ साली. नॉटिंगहॅम गावी तेराव्या वर्षापासून तो गहाणवट्याच्या दुकानात उमेदवार होता. गरिबाच्या घरातील कोणती वस्तू कोणत्या क्रमाने बाहेर पडते, हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते. मेथॉडिस्ट पंथाची पाद्रीगिरी सोडून तो फिरता उपदेशक झाला होता. काही आठवडे सभा चालवाव्यात म्हणून त्याला बोलावणे आले, आणि त्या वर्षीच्या जुलैत क्वेकर पंथीयांच्या एका जुन्या दफनभूमीवर ठोकलेल्या तंबूत त्याची प्रार्थना सुरू झाली. पुढे वाऱ्याने तो तंबू फाटला. तेव्हा एक नाचघर भाड्याने घेण्यात आले. शनिवारी रात्री उशिरा नाचणारे निघून गेले की रविवारच्या सभेसाठी तेथे बाके मांडावी लागत.

या गैरसोयीतच त्याच्या यशाचे बीज होते असे आम्हांस वाटते. त्या काळी अनेक देवळांतील बसण्याच्या जागा भाड्याने दिल्या जात. फाटक्या कपड्याच्या माणसाला तेथे कोणी हाकलीत नसे. पण आपण कोठे बसावे, हे त्याला कळत नसे, आणि एवढ्यानेच तो पुन्हा येत नसे. नाचघरात ही भीती नव्हती. दारूच्या गुत्त्यासमोरच्या रस्त्यावर तर नव्हतीच. शिवाय तेथे बोलणारा पुष्कळदा वस्तीतलाच असे. काल ज्याला गटारातून उचलून आणले, तोच आज उभा राहून आपली कहाणी सांगे. शेजाऱ्यांना तो माहीत असल्याने त्याला पुराव्याची गरज पडत नसे. स्त्रियांनाही व्यासपीठ मोकळे होते. बूथची पत्नी कॅथरिन हिने १८५९ सालीच स्त्रियांच्या उपदेशाच्या अधिकाराचा पुरस्कार करणारी पुस्तिका लिहिली होती, आणि ती स्वतः उत्तम वक्त्री होती.

परंतु उपाशी माणसाने प्रार्थना कशी करावी? या प्रश्नाला बूथने दिलेले उत्तर एकच राहिले नाही. १८७० च्या सुमारास त्याने स्वस्त अन्नाची दुकाने काढली. ती तोट्यात गेली आणि १८७४ मध्ये बंद पडली. आत्मा सुधारला की संसार आपोआप सुधारेल, या श्रद्धेवर पुढील दहा-बारा वर्षे गेली. १८७८ साली संस्थेने मुक्तिफौज हे नाव घेतले. मग १८८४ पासून तिच्या तरुण स्त्रिया गलिच्छ वस्त्यांत खोल्या घेऊन राहू लागल्या. आजाऱ्याची खोली झाडणे, पोराला न्हाऊ घालणे, प्रेत धुणे हे आधी, प्रार्थना मागाहून. १८८८ मध्ये लाइमहाउसला आश्रयगृह निघाले. तेथे चार पेन्समध्ये रात्रीचे जेवण, निजायची जागा आणि सकाळची न्याहारी मिळे. रात्री प्रार्थनासभा भरे. अन्न हे प्रार्थनेचे आमिष होते काय? विरोधकांनी तसे म्हटले. आम्ही एवढेच म्हणू की, चार पेन्स मोजून आलेला माणूस मिंधा नसतो, आणि ते पैसे घेण्यात बूथचा शहाणपणा होता.

आगपेटीचे प्रकरण याहून बोलके आहे. पांढऱ्या फॉस्फरसाने कामगारांच्या जबड्याचे हाड सडे. १८८८ मध्ये बो भागातील कारखान्यात मुलींनी संप केला. त्यांची बाजू प्रथम मांडणारी अ‍ॅनी बेझंट आपल्या चांगल्या परिचयाची आहे. १८९१ साली मुक्तिफौजेने तांबड्या फॉस्फरसाचा स्वतःचा कारखाना काढला आणि बारा डझन पेट्यांना चार पेन्स मजुरी दिली. बाहेर ती अडीचच्या आसपास होती. माल महाग पडे. दहाएक वर्षांत कारखाना संपला, परंतु पांढऱ्या फॉस्फरसावर बंदी घालणारा कायदा १९०८ साली झाला.

दारूविक्रेते अर्थातच खवळले होते. मिरवणुकांवर दगड पडत. शांतताभंगाच्या प्रकरणांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्या आमच्या वाचकांना १८८२ चा बीटी विरुद्ध गिलबँक्स हा निवाडा ठाऊक असेल. दुसरे दंगा करतील म्हणून शांतपणे चालणाऱ्यांना दोषी धरता येणार नाही, हे तत्त्व मुक्तिफौजेच्याच मिरवणुकीतून निघाले. १८९० मध्ये बूथची गरिबी-निवारणाची मोठी योजना प्रसिद्ध होताच हक्स्लेने टाइम्समध्ये पत्रे लिहून झोड उठविली. एका सेनापतीच्या आज्ञेत वागणाऱ्या माणसांच्या हाती गरिबांना सोपविणे धोक्याचे, असा त्याचा रोख होता. हक्स्लेची भाषा कडवट होती, पण ही शंका पोकळ नव्हती, आणि तिचा प्रत्यय लंडनपेक्षा हिंदुस्थानात अधिक आला.

फ्रेडरिक टकर हा पंजाबातील सनदी नोकर राजीनामा देऊन मुक्तिफौजेत गेला आणि सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईस उतरला. फौज येणार म्हणून बंदरावर पोलीस जमले होते, आणि उतरली चार माणसे, असे सांगतात. मिरवणुकांवरून अटका झाल्या. टकरला तुरुंगवासही घडला. त्याने भगवी वस्त्रे घेतली, फकीरसिंग हे नाव घेतले, भिक्षेचे अन्न खाल्ले. व्हाइटचॅपेलचाच हा धडा होता: ज्यांच्यात काम करावयाचे, त्यांच्यासारखे राहावयाचे. परंतु १९०८ पासून त्याच टकरच्या नेतृत्वाखाली मुक्तिफौज सरकारच्या वतीने ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहती चालवू लागली. तेथे शेती होती, हातमाग होते, शाळा होत्या, प्रार्थनाही होती. लाइमहाउसचा पाहुणा सकाळी न्याहारी करून आपल्या वाटेने जाई. या वसाहतींत मात्र हजेरी घेतली जाई, आणि परवान्यावाचून हद्द ओलांडणे हा गुन्हा होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.