क्योतोतली कानांची टेकडी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जपानला जाऊन आलो. माझा भाचा ओसाकात नोकरीला आहे. "मामू, इतकी वर्षं मुलांना नकाशावर जपान दाखवलात, आता एकदा डोळ्यांनी बघून घ्या," असा त्याचा दोन वर्षांपासून लकडा लागला होता. शेवटी तिकीटच पाठवलं त्याने. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, सर, काय काय पाहिलं? मी मोबाईल काढून फोटो दाखवतो. सोन्याने मढवलेलं मंदिर, डोंगरावर चढत गेलेल्या शेंदरी कमानी, किल्ल्याचा खंदक. लोक खूश होतात. पण ज्या जागेने मला परतीच्या विमानात झोपू दिलं नाही, तिचा फोटो कुणाला दाखवावा हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून हा लेख.

क्योतो हे शहर ७९४ मध्ये जपानची राजधानी झालं आणि पुढे हजाराहून अधिक वर्षं सम्राटांचं वास्तव्य तिथेच होतं. त्यामुळे पावलोपावली मंदिरं. त्यात दोन प्रकार आहेत. एक बौद्ध मंदिरं आणि दुसरी शिंतो देवस्थानं, ज्यांच्या दारात दोन खांब आणि वर आडवी तुळई अशी कमान असते. आज आपल्याला ही दोन वेगळी दिसतात, पण शतकानुशतकं ती एकमेकांत मिसळलेली होती. बुद्ध आणि शिंतो देव एकाच आवारात नांदत होते. १८६८ मध्ये नव्या मेइजी सरकारने हुकूम काढून दोघांची वाटणी केली. लोकांची श्रद्धा एका रेषेत बसत नाही, रेषा सरकार आखतं, हे वाचताना मला आपल्याकडचे कितीतरी दर्गे आणि उरूस आठवले.

सकाळी आधी निजो किल्ला पाहिला. किल्ला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रायगड, देवगिरी येतात. हा तसा नाही. सपाट जमिनीवर, खंदकाच्या आत, लाकडी महाल. तोकुगावा इएयासू याने १६०३ मध्ये तो उभारला. त्याच वर्षी तो शोगुन झाला, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणारा खरा सत्ताधीश. आपल्याकडच्या छत्रपती आणि पेशव्यांच्या नात्याशी ताडून पाहिलं तर कल्पना येईल. चपला बाहेर काढून आत गेलो. पाय ठेवला की लाकडी जमीन चिवचिवते, पाखरू बोलावं तशी. पहिल्या दालनांच्या भिंतींवर वाघ आणि बिबटे रंगवले आहेत. भेटीला आलेल्या सरदाराने या वाघांसमोर वाट बघत बसायचं! जपानात वाघ नाहीत. चित्रकारांनी कातडी पाहून वाघ काढले, आणि बिबट्या ही वाघाची मादी असते असं समजून तोही शेजारी काढला. पुढे १८६७ मध्ये याच महालात शेवटच्या शोगुनने सत्ता सम्राटाला परत करत असल्याचं जाहीर केलं. अडीचशेहून अधिक वर्षांच्या राजवटीची सुरुवात आणि अखेर, दोन्ही एका छपराखाली.

शाळेच्या सहली आल्या होत्या. गणवेशातली मुलं, पुढे झेंडी धरलेली बाई, मागे पाण्याची बाटली सांभाळणारे सर. मी त्या सरांकडे बघून हसलो, तेही हसले. सहलीला नेणाऱ्या शिक्षकाचा चेहरा जगभर सारखाच असतो.

दुपारी शहराच्या पूर्वेकडे गेलो. तिथे सांजूसांगेन्दो नावाचं सुमारे १२० मीटर लांबीचं लाकडी बौद्ध मंदिर आहे. सध्याची इमारत १२६६ ची. आत कॅनन म्हणजे अवलोकितेश्वराच्या एक हजार एक मूर्ती रांगेत उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे रक्षक देवता. भाचा पाट्या वाचत होता आणि मी ओळखत होतो. हा इंद्र, हा ब्रह्मा, हा गरुड. नावं जपानी झालेली, चेहरे जपानी झालेले, पण मंडळी आपल्याकडची. चीन आणि कोरियातून बौद्ध धर्माचं बोट धरून ती इथवर पोचली. हे कोरियाचं बोट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथून उत्तरेला थोडं चाललं की होकोजी नावाचं मंदिर लागतं. गर्दी अजिबात नाही. हे मंदिर तोयोतोमी हिदेयोशीने बांधायला घेतलं होतं. हिदेयोशी म्हणजे जपानी इतिहासातला विलक्षण माणूस. सामान्य घरात जन्मला, सैन्यात हलक्या कामापासून सुरुवात केली आणि १५९० पर्यंत आपसात लढणारा सगळा जपान एका हाताखाली आणला. १५८८ मध्ये त्याने शेतकऱ्यांकडच्या तलवारी जप्त केल्या. कारण काय दिलं? तर हे लोखंड महाबुद्धाच्या बांधकामात खिळ्यांसाठी वापरू, म्हणजे तुम्हाला पुण्य लागेल! जनतेच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं आणि वर धर्माचं कारण सांगायचं, ही युक्ती कोणत्याच देशाला नवी नाही. तो महाबुद्ध १५९६ च्या भूकंपात मोडला.

हिदेयोशी १५९८ मध्ये वारला. मुलगा लहान होता. १६१४ मध्ये त्या मुलाच्या नावाने होकोजीसाठी एक प्रचंड घंटा ओतली गेली. ती आजही तिथे टांगलेली आहे. तिच्यावरच्या लेखात 'राष्ट्र सुरक्षित आणि शांत राहो' अशा अर्थाची चार अक्षरं आहेत. इएयासूच्या माणसांनी त्यात खोट काढली. त्या चारांत 'इए' आणि 'यासू' ही दोन अक्षरं येतात, पण त्यांच्या मध्ये तिसरंच अक्षर आहे. म्हणजे आमच्या धन्याचं नाव कापलं, हा शाप आहे! एवढं निमित्त पुरलं. ओसाकाच्या किल्ल्याला वेढा पडला, १६१५ मध्ये किल्ला जळाला, हिदेयोशीचा मुलगा मेला, घराणं संपलं. ती अक्षरं आज घंटेवर पांढऱ्या रंगाने चौकटीत दाखवली आहेत. मी भाषेचा शिक्षक. दोन अक्षरांच्या मध्ये तिसरं आलं म्हणून एक घराणं बुडालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

होकोजीला लागूनच तोयोकुनी देवस्थान आहे. देव कोण? स्वतः हिदेयोशी. मेल्यावर त्याला देवपद मिळालं आणि जवळच्या टेकडीच्या पायथ्याशी त्याचं देवस्थान उभं राहिलं. घराणं संपवल्यावर तोकुगावांनी त्याचं देवपणही काढून घेतलं आणि देवस्थान बंद पाडलं. अडीचशे वर्षांनी तोकुगावा गेले आणि मेइजी सरकारने १८६८ मध्ये त्याला पुन्हा देव करायचा हुकूम दिला. सध्याचं देवस्थान १८८० चं. भोपळा ही हिदेयोशीची खूण, म्हणून नवसाच्या लाकडी पाट्याही भोपळ्याच्या आकाराच्या. लोक त्यांवर परीक्षेतलं यश, नोकरीतली बढती मागतात. खालून वर गेलेल्या माणसाकडे आणखी काय मागणार?

इथपर्यंतची गोष्ट जेते आणि पराभूत यांची झाली. एकाने दुसऱ्याचं देऊळ पाडलं, तिसऱ्याने ते पुन्हा बांधलं. पण देवस्थानाच्या समोरच्या रस्त्याने पश्चिमेला शंभरेक पावलं गेलं की घरांच्या मध्ये एक गवताळ टेकाड आहे. माथ्यावर दगडी मनोरा, पाच आकार एकावर एक ठेवलेला. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आपलीच पंचमहाभूतं, तीही बौद्ध धर्माबरोबर आलेली. शेजारी लहान मुलांचं मैदान. या टेकाडाचं नाव मिमिझुका, म्हणजे कानांची टेकडी.

आत कान आहेत असं नाव सांगतं. खरं म्हणजे बहुतेक नाकं आहेत, आणि जुनं नावही नाकांची टेकडी असंच होतं. नाकापेक्षा कान हा शब्द ऐकायला जरा सौम्य वाटला असावा.

जपान ताब्यात आल्यावर हिदेयोशीला चीन जिंकायचा होता. वाटेत कोरिया होता. १५९२ मध्ये दीड लाखाहून अधिक सैन्य त्याने कोरियात उतरवलं, १५९७ मध्ये पुन्हा. तो स्वतः कधीच तिकडे गेला नाही. (मुलांना काळ लक्षात राहावा म्हणून सांगतो. याच्या थोडं आधी, १५९५-९६ मध्ये, अहमदनगरच्या तटावर चाँदबीबी मोगलांशी लढत होती.) लढाईत किती शत्रू मारले याचा पुरावा म्हणून मुंडकी आणायची रीत जपानात होती. पण समुद्रापलीकडून मुंडकी आणणं अवघड. म्हणून नाकं कापून, मिठात घालून, पिंपांत भरून पाठवायचा हुकूम निघाला. किती नाकं मिळाली याच्या पावत्या सरदारांना दिल्या जात. त्यातल्या काही पावत्या आजही शिल्लक आहेत. संख्या भरायची म्हटल्यावर नाक सैनिकाचं की शेतकऱ्याचं, पुरुषाचं की बाईचं, हे कोण बघतो? जपानी सैन्याबरोबर गेलेल्या केइनेन नावाच्या एका बौद्ध भिक्षूने तिथे पाहिलेलं रोजनिशीत लिहून ठेवलं. माणसांच्या दोरीने बांधलेल्या रांगा, जळती गावं, विकायला नेलेली माणसं. हा माणूस आक्रमकांच्या बाजूचा होता, तरी त्याने लिहिलं.

ती हजारो नाकं क्योतोत आली. १५९७ मध्ये होकोजीसमोर पुरली गेली आणि हिदेयोशीच्या हुकुमाने बौद्ध भिक्षूंनी मृतांसाठी विधी केला. म्हणजे ही टेकडी विजयाचं प्रदर्शन होती आणि श्राद्धही होती. दोन्ही एकाच माणसाने केलं. पुढच्या वर्षी तो मेला आणि सैन्य हात हलवत परतलं.

टेकडीपाशी महापालिकेने लावलेली पाटी आहे, जपानीबरोबर कोरियन भाषेतही. भाचा वाचून अर्थ सांगत होता. ही स्वारी हिदेयोशीने केली. नाकं आणि कान कापून आणले. कोरियातल्या लोकांच्या चिवट प्रतिकारामुळे स्वारी फसली. त्या लोकांनी जे सोसलं, ते इतिहासाने मागे ठेवलेला धडा म्हणून ही टेकडी आजही सांगते. बस्स. 'पण' नाही, 'तथापि' नाही. त्या काळी अशीच पद्धत होती म्हणून सोडून द्या, असंही नाही.

आता माझी गोष्ट सांगतो.

मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. शिक्षक कमी, म्हणून इतिहासाचे तासही माझ्याकडे येतात. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे, मेलेल्या शत्रूला माती मिळाली, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गात छाती भरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने वाचनालयातलं एक सचित्र पुस्तक माझ्यासमोर धरलं. १५५६ ची पानिपतची लढाई. हेमूचा पराभव, तेरा-चौदा वर्षांचा अकबर, आणि शत्रूच्या मुंडक्यांचा रचलेला मिनार. "सर, ये सचमुच बनाया था?" मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "बेटा, उस ज़माने में सब यही करते थे." आणि पुढचा धडा काढला.

खोटं बोललो नव्हतो. त्या काळी अनेक जण ते करत. पण मी ते वाक्य खरं म्हणून उच्चारलं नव्हतं, सुटका म्हणून उच्चारलं होतं. अकबराच्या बाजूने बोलायची जबाबदारी माझ्या नावामुळे माझ्यावर आहे, असं मीच मनाशी धरून बसलो होतो. बाहेर लोक आम्हाला बाबर-औरंगजेबाचा हिशेब मागतात याची आम्हाला चीड येते, आणि वर्गात मी स्वतःच अकबराचा वकील होऊन उभा राहिलो होतो. हेमूच्या त्या सैनिकांचं, ज्यांची नावंही कुणी लिहिली नाहीत, त्या वर्गात कुणीच नव्हतं. निदान शिक्षकाने तरी असायला हवं होतं.

त्या दुपारी निजो किल्ल्यातल्या सहलींपैकी एकही टेकडीकडे आली नव्हती. शेजारच्या मैदानात दोन मुलं खेळत होती. जपानने आपला सगळा इतिहास असा उघडा करून ठेवला आहे, असं मी म्हणत नाही. क्योतोला येणारे बहुतेक पर्यटक ही जागा न बघताच परततात. पण टेकडी उकरून सपाट केली नाही, आणि पाटीवर सबब लिहिली नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर सातवीच्या वर्गात फळ्यावर जपान आणि कोरियाचा नकाशा काढला. घंटेची गोष्ट ऐकून मुलं हसली. नाकांच्या पावत्यांपाशी वर्ग गप्प झाला. मग पानिपतावर आलो आणि मिनाराचंही सांगितलं. एका मुलाने विचारलं, "सर, वो नाकें वापस भेजीं क्या?" म्हटलं, नाही, टेकडी अजून तिथेच आहे.

ते पुस्तक दाखवणारी मुलगी आता नववीत आहे. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि म्हटलं, त्या दिवशी तू विचारलंस ते खरं होतं. मी तुला नीट उत्तर द्यायला हवं होतं.

ती जरा लाजली. म्हणाली, "मालूम था सर. तस्वीर में दिख ही रहा था. मैं तो ये पूछ रही थी कि आप बताएँगे क्या."