जैवकण लायडर
जैवकण लायडर : हवेत तरंगणारे परागकण, बुरशीची बीजुके, जीवाणू यांचा लेसर किरणांनी दुरूनच माग काढणारे साधन. तत्त्व रडारचेच, फक्त रेडिओ लहरींऐवजी प्रकाशाचे स्पंद सोडतात. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. १.५ किमी. अंतरावरील कणांचा प्रतिसाद १० मायक्रोसेकंदांत येतो.

हवेत कणांचा ढग आहे एवढे कळणे सोपे. तो धुळीचा की जिवांचा, हे ठरवणे खरे अवघड. त्यासाठी मुख्य आधार अनुस्फुरणाचा, म्हणजे किरण शोषून वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश देण्याच्या गुणाचा. २६६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांनी प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन उत्तेजित होऊन ३०० ते ४०० नॅनोमीटरदरम्यान प्रकाश देते. ३५५ नॅनोमीटरला पेशींतील एनएडीएच निळसर उजळते. हे दोन्ही किरण एनडी-यॅग लेसरच्या मूळ १,०६४ नॅनोमीटर किरणापासूनच मिळवतात. मात्र २६६ नॅनोमीटरचा किरण हवेतील ओझोन शोषून घेतो, त्यामुळे त्याचा पल्ला घटतो.

दुसरी खूण ध्रुवणाची, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेची. पाइनच्या परागकणाला दोन बाजूंना हवेच्या पिशव्या असतात. असा वेडावाकडा कण परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण बिघडवतो, धुक्याचा गोल थेंब ते जवळजवळ बिघडवत नाही. धूळही बिघडवते, म्हणून ही खूण एकटी पुरत नाही.

जैविक अस्त्रांच्या धास्तीमुळे लष्करांनी या तंत्रात विशेष रस घेतला. कॅनडाच्या संरक्षण संशोधन विभागाची ‘सिनबाड’ ही अशीच एक प्रणाली. या तंत्राला मर्यादाही आहेत. अनुस्फुरणाचा प्रकाश इतका क्षीण असतो, की दिवसा तो सूर्यप्रकाशात बुडतो. डिझेलचा धूरही चमकून चकवतो. वर्गीकरण गटापुरतेच होते. जीवाणूची जात ठरवायला हवेचा नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.