राहुटी, पाल आणि वजनाचा इतिहास

तंबू विकत घ्यावयाचा झाला की आजचा पदभ्रमणकार सर्वप्रथम त्याचे वजन विचारतो. दोघांना पुरेल असा तंबू दोन किलोंच्या आत बसला तर तो हलका समजावा, असा साधारण संकेत आहे. त्याहून हलका हवा असेल तर कापड पातळ होत जाते आणि किंमत मात्र भराभर चढत जाते. मुदखेडहून आदिलाबादच्या गाडीने सहस्रकुंडाकडे, किंवा किनवटहून पुढे माहूरच्या डोंगरांत पाठीवर पिशवी टाकून हिंडायला जाणारे आमचे विद्यार्थी या विषयावर ज्या बारकाईने बोलतात, ती बारकाई त्यांनी व्याकरणात दाखविली असती तर आम्हांस फार आनंद झाला असता. एकपदरी तंबू हलका खरा, परंतु रात्रभराच्या श्वासाची वाफ त्याच्या आतल्या अंगाला धरते आणि पहाटे थेंबाथेंबाने अंगावर पडते. दुपदरी घ्यावा तर ओझे वाढते. आपल्या काळ्या रेगडीत बारीक मेखा पावसाळ्यात उपटून येतात, तर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीला त्यांची पकडच बसत नाही. म्हणजे मेखा लांब हव्यात, आणि लांब मेखा म्हणजे पुन्हा वजन.

या चर्चेत एक प्रश्न गृहीत धरलेला असतो, म्हणून तो कोणी विचारीत नाही. तंबू वाहणार कोण? जो त्यात झोपणार तोच तो वाहणार, हे आजच्या हौशी प्रवाशाला इतके स्वाभाविक वाटते की त्यावाचून हलकेपणाला काही अर्थ उरत नाही. इतिहासात मात्र हा योग दुर्मीळ आहे. तंबूत झोपणारा एक आणि तंबू वाहणारा दुसरा, हीच शतकानुशतकांची रीत होती. आपल्या भाषेत, बखरींत आणि मराठवाड्याच्या भूमीवर या रीतीच्या खुणा जागोजागी सापडतात. त्यांतल्या काही येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

मराठीत या वस्तूसाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. डेरा, तंबू, खेमा, शामियाना, कनात, राहुटी, पाल. यांतले मानाचे शब्द बहुतेक फारसी-अरबीच्या वाटेने, दरबाराबरोबर आले. राहुटी आणि पाल हे मात्र देशी आणि गरीब. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इंग्रजी कोशानेही या दोघांची नोंद घेतली आहे. पाल म्हणजे दोन हलक्या काठ्यांवर तोललेला, उतरत्या बाजूंचा, भिंती नसलेला लहान तंबू. आणि राहुटी म्हणजे निमुळत्या छपराचा, बाहेर पडवी न काढलेला तंबू, असा त्याचा आशय. आजच्या कोणत्याही दुकानातील सर्वांत हलक्या तंबूचे वर्णन याहून फारसे वेगळे होणार नाही. (भिंतीवरची ती पाल आणि माळावरचे ते पाल यांतला लिंगभेद आमच्या शहरी विद्यार्थ्यांना हल्ली सांगावा लागतो, हे जाता जाता नमूद करतो.)

शब्द राहू द्या, वाक्प्रचार पाहा. आपण तळ ठोकतो, डेरेदाखल होतो, एखाद्या गोटातील बातमी काढतो आणि जमले नाही तर गाशा गुंडाळतो. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे आच्छादन. ते गुंडाळले की स्वार निघाला. एवढेच काय, आपल्या पत्त्याच्या आरंभी जे ‘मु. पो.’ आपण न विचार करता लिहितो, त्यातला मुक्काम हा प्रवासातल्या थांब्याचा शब्द आहे. जन्मभर एकाच घरात राहिलेला माणूसही कागदोपत्री मुक्कामालाच असतो. या ‘मुक्कामा’कडे पुढे पुन्हा यावे लागेल.

वजनाच्या एका टोकाला मोगल बादशाही छावणी आहे. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या मुक्कामाचा हिशेब दिला आहे. एका मुक्कामाचे सामान हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय १००० फरास, वाट नीट करणारे ५०० बेलदार, १०० पाणके आणि १५० झाडूवाले. हा खटाटोप दोनदा असे, कारण बादशाह एका मुक्कामात असतानाच दुसरा संच पुढच्या जागी उभा राहत असे. त्यालाच पेशखाना म्हणत. सतराव्या शतकात औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेल्या बर्निएनेही ही दुहेरी व्यवस्था पाहून लिहून ठेवली आहे. ‘फरासखाना’ हे तंबू, कनाती आणि बिछायतीचे खाते पुढे मराठी राज्यातही आले. पुण्यातल्या पोलीस चौकीच्या नावात ते आजतागायत शिल्लक आहे. चौकीचे नाव रोज घेणाऱ्यांना त्यातल्या कनातींची आठवण असेल असे मात्र वाटत नाही.

हीच छावणी औरंगजेबाने दक्षिणेत आणली आणि १७०७ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचवीसएक वर्षे, ती येथेच फिरत राहिली. १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याला ती पाहणारा इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी तिचा घेर तीस मैलांचा सांगतो. अतिशयोक्ती वजा केली तरी हे एक चालते शहरच होते, आणि शहराला पळता येत नाही. १ ऑक्टोबर १७००च्या रात्री माण नदीला खवासपूरच्या तळावर अचानक लोंढा आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले आणि धावपळीत खुद्द बादशहाचा पाय कायमचा अधू झाला. पाण्याच्या वाटेत पाल टाकलेल्या माणसाने एव्हाना पाल उचलून टेकडी गाठली असती.

दुसऱ्या टोकाला मराठा स्वार. एल्फिन्स्टनने १८४१च्या आपल्या इतिहासात त्याचे जे चित्र रेखाटले आहे त्यात तंबू जवळजवळ नाहीच. स्वार जमिनीवर झोपतो, भाला शेजारी रोवलेला, लगाम हाताला बांधलेला. पावसापासून आणि थंडीपासून घोंगडी. लोकरीची दाट घोंगडी पाणी बराच वेळ अडविते, हे धनगरांना कोणी शिकवावे लागले नाही. तिची खोळ केली की तेच छप्पर, अंथरली की तेच अंथरूण. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराचे जे नियम येतात, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. पावसाळ्यात लष्कर छावणीस परतावे, दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरीस जावे, फौजेबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी असू नयेत. या नियमांचे नैतिक स्पष्टीकरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. आम्हांस त्यात ओझ्याचा हिशेबही दिसतो. सुती कापड भिजले की त्याचे सूत फुगते आणि वीण मिटते. म्हणूनच ते थोडाफार पाऊस अडविते. परंतु भिजलेला तंबू कोरड्यापेक्षा कितीतरी जड होतो, आणि तो वाळेपर्यंत थांबावे किंवा जनावरे मारावीत, एवढेच पर्याय उरतात. पावसाळ्यात घरी परतणारे सैन्य हे ओझे मुळातच टाळते.

मराठ्यांना जड तंबूचा उपयोग ठाऊक नव्हता असे नव्हे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानासाठी उभारलेली सदर सभासदाने डौलाने वर्णिली आहे. ते वैभव पाहून खानाच्या मनात जळफळाट झाला, असेही तो सांगतो. तो तंबू राहण्यासाठी नव्हताच. आणि १६८९ची संताजी घोरपड्यांची कथा तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. बादशाही छावणीत शिरून डेऱ्याचे तणावे कापले, डेरा कोसळला, सोन्याचे कळस काढून नेले. बखरकारांनी ती रंगविली असणार हे उघड आहे. तरी तिच्यातले तंत्र मात्र अचूक आहे. तणावे तुटले की मोठा डेरा स्वतःच्याच वजनाने खाली येतो.

याच दृष्टीने पानिपतची मोहीम पाहावी, आणि ती आपल्या दारातून निघाली होती हेही ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला नमविले. मार्चमध्ये परतूरहून सैन्य उत्तरेकडे निघाले. ग्रँट डफने या सैन्याच्या थाटाचे वर्णन करताना रेशमी अस्तराचे उंच प्रशस्त डेरे आणि दुरून चमकणारे सोनेरी कळस मुद्दाम दाखविले आहेत, आणि शिवाजीमहाराजांच्या काळाशी त्यांची तुलना केली आहे. कळस संताजीने काढून आणले होते. सत्तर वर्षांत ते मराठ्यांच्याच डेऱ्यांवर चढले. सुरजमल जाटाने आणि मल्हारराव होळकरांनी बुणगे, कुटुंबकबिला व जड सामान मागे ठेवण्याचा सल्ला दिला होता आणि तो मानला गेला नाही, हे सर्वश्रुत आहे. पराभवाची कारणे अनेक होती, एकट्या तंबूंच्या माथी ती मारणे हास्यास्पद ठरेल. परंतु १७६०-६१च्या हिवाळ्यात पानिपतात अडकून उपाशी पडलेल्या त्या जमावात लढणारे किती आणि सामानाच्या मागे आलेले किती, हा प्रश्न टाळता येत नाही.

यापूर्वी अर्धशतक नांदेडने एक वेगळा मुक्काम पाहिला होता. औरंगजेबानंतर गादीवर आलेला बहादूरशाह १७०८ साली भाऊ कामबक्षावर चालून दक्षिणेत आला, आणि त्याच प्रवासात गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी नांदेडला थांबले. तेथे त्यांच्यावर राहत्या तंबूत प्राणघातक हल्ला झाला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचे देहावसान झाले. बादशहाची छावणी हैदराबादेच्या रोखाने निघून गेली. जानेवारी १७०९मध्ये कामबक्ष लढाईत पडला. ती अफाट छावणी नांदेडला नेमकी कोठवर पसरली होती, हे आज कोणाला पाहावेसेही वाटत नाही. जेथे गुरूंचा तंबू होता तेथे मात्र तख्त उभे राहिले, पुढे १८३०च्या दशकात महाराजा रणजितसिंगांनी त्याचे पक्के बांधकाम करविले. त्या स्थानाला शीख परंपरा अबचलनगर म्हणते. अबचल म्हणजे अविचल, न हलणारे.

आतापर्यंत आम्ही बादशहा, सरदार आणि स्वार यांच्याविषयी लिहिले, कारण साधने त्यांच्याविषयी बोलतात. वाहणाऱ्यांविषयी ती मुकी आहेत. अबुल फझलने हजार फरासांचा आकडा दिला, ते रात्री कशाखाली झोपत ते दिले नाही. मोगल, मराठे, निजाम, इंग्रज या साऱ्यांच्या फौजांना धान्य पुरविणारे लमाण तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मराठवाडाभर फिरत. १८०३मध्ये असईच्या लढाईपर्यंत पोहोचणाऱ्या वेलस्लीच्या पत्रव्यवहारात या तांड्यांची काळजी एखाद्या पलटणीइतकी आहे. मुक्कामाला गोण्यांची रास रचायची आणि तिच्या आडोशाला कापड ताणायचे, असा त्यांचा निवारा. १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग नांदेड-मुदखेडवरून गेला, आणि बैलाच्या पाठीवरचा उरलासुरला व्यापारही गाडीत चढला. आमच्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या पणजोबांचा धंदा मुदखेड जंक्शनने संपविला, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

हलका निवारा स्वाराजवळ होता तोवर ते शौर्य ठरले. तोच निवारा कैकाडी, घिसाडी, वैदू, मसणजोगी यांच्याजवळ राहिला तेव्हा तो संशयाला कारण झाला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी नोंद झालेल्या जमातींवर हजेरी आणि परवान्याची सक्ती केली. हा कायदा १९५२मध्ये गेला, संशय गेला नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण सडाफटिंग माणसाविषयी सहज वापरतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) ते बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर प्रत्यक्ष दिसले. लातूरच्या परिसरातून आलेल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने (१९८७) पोलिसी हजेरीची बाजू दाखविली. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात ही पुस्तके ‘दलित-भटक्यांचे आत्मकथन’ या एका प्रकरणात बसवून आपण मोकळे होतो. बखर वाङ्मयाच्या तासाला ‘उपरा’ उघडून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. छावणीच्या खालच्या बाजूचे वर्णन दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

ज्यांना ही बाजू प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातल्या माळेगावला जावे. खंडोबाची ही यात्रा घोडे, गाढवे आणि उंटांच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. भटक्या जमातींच्या जातपंचायती एकेकाळी येथे भरत. फडांच्या कनाती आणि दुकानदारांच्या राहुट्या यांच्या पलीकडे माळावर पाले दिसतात. आता त्यांवर गोणपाटापेक्षा प्लॅस्टिक आणि जुने फ्लेक्स अधिक असते. निवडणुकीचा फलक उलटा ताणलेला असला तर पुढारी आतल्या बाजूला हसत असतात. फ्लेक्स पाणी अडविते आणि फुकट मिळते, पण सुती पालासारखे श्वास घेत नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या एकपदरी तंबूची तक्रार, पहाटे अंगावर ठिबकणारी वाफ, येथे तान्ह्या मुलांच्या वाट्याला येते.

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८मध्ये अहवाल दिला. भटक्या-विमुक्तांकडे घर नाही, म्हणून पत्ता नाही. पत्ता नाही, म्हणून शिधापत्रिका आणि जातीचा दाखला नाही, ही साखळी त्या अहवालात पुन्हा पुन्हा समोर येते. ‘मु. पो.’च्या पुढे लिहिण्यास गावाचे नाव लागते, आणि जे खरोखर मुक्कामाला असतात त्यांच्याजवळ नेमके तेच नसते. यात्रा उलगली की माळेगावची पाले उतरतात. त्याला घटकाभराचाही वेळ लागत नाही. दोन काठ्या, दोरखंड, लोखंडी मेखा, घडी केलेले फ्लेक्स, वर भांड्यांचे बोचके. आणि हे सारे गाढवाच्या पाठीवर, किंवा भाडे परवडले तर टेम्पोत चढते.