गुरुजींचा शीण

५ सप्टेंबरला शाळाशाळांत राधाकृष्णन यांच्या फोटोला हार पडतो. त्याच दिवशी आणखी एका शिक्षणवाल्याचा जन्म झाला, हे आमच्या गारगोटीबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. डॉ. जे. पी. नाईक, जन्म १९०७, गाव बहिरेवाडी, आमच्या शेजारच्या आजरा तालुक्यातलं. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे ते कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. त्या अहवालात शिक्षकाचा पगार आणि सेवाशर्ती यांवरचं प्रकरण अभ्यासक्रमाच्या बरंच आधी येतं. मला हा क्रम फार आवडतो.

पगार पुढे खरंच सुधारले. (सगळ्यांचे नाहीत. शिक्षणसेवकांना २०१२ पासून महिना ६,००० रुपये होते, ते १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. विनाअनुदानितवाल्यांची कथा वेगळीच.) पण शीण काही गेला नाही.

आमचे अण्णा याच तालुक्यात वाड्यावस्त्यांवर प्राथमिक शिक्षक होते. काकी, तुम्हाला आठवत असेल, शेवटची काही वर्षं ते घरी आले की कुणाशी बोलायचे नाहीत. नुसते खुर्चीत बसून राहायचे. शिकवून दमलो असं ते कधीच म्हणाले नाहीत. "आज शिकवायला सवडच मिळाली नाही," एवढंच म्हणायचे.

त्याचं कारण मला खूप नंतर कायद्यातच सापडलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा चांगलाच आहे, वाद नाही. पण त्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंतच्या शाळेला ६० पटापर्यंत शिक्षक दोन. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेल्यावर. भुदरगडच्या डोंगरातल्या वाडीत दीडशे पोरं आणायची कुठून? मग दोघांतलाच एक मुख्याध्यापक. चार वर्ग, पोषण आहाराची नोंद (मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, रोज हिशेब), दाखले, माहितीचे तक्ते आणि केंद्रावरची मीटिंग. तो मीटिंगला गेला की दुसरा एका वर्गाला गणितं घालून दुसऱ्या वर्गात पळतो. अण्णा तर दोन्ही होते, पळणारेही आणि मीटिंगला जाणारेही.

'बर्नआउट' हा शब्द अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली वापरला, तो मोफत दवाखान्यात जीव तोडून राबणाऱ्यांबद्दल. कामचुकार माणसाला हा आजार होत नाही, असं माझं मत. अण्णांना लोक मात्र म्हणायचे, गुरुजी, तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या!

त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायला बंदी केली. अपवाद तीन: जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका. आता २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. दोन शिक्षकी शाळेतला एक प्रगणक म्हणून बाहेर पडला, की चारही वर्ग दुसऱ्याकडे.